बायकोची सीईटी

परवा आमच्या गोडाऊनचे मुकादम रईसभाई माझ्या केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. हातात चहाचे दोन कागदी कप. रईसभाई स्वतःहून चहा आणतात तेव्हा एक तर त्यांच्या माणसांनी कुठल्या तरी गाडीत खोकं फोडलेलं असतं, नाही तर त्यांना गावी जायचं असतं. मी कप घेतला आणि विचारलं, "कितने बॉक्स?"

"अरे नहीं विलासभाई, बॉक्स नहीं. बच्ची का फॉर्म भरना है. वो वकीलवाला. सीईटी." मग आवाज जरा खाली आणत म्हणाले, "भाभी का तो आपनेच भरा था ना?"

मी जाणत्या माणसासारखी मान हलवली. भरला होता हे खरं. कसा भरला होता, हेही रईसभाईंना ठाऊक आहे, कारण त्या दिवशी ते माझ्या खुर्चीच्या मागेच उभे होते. तरीही ते माझ्याकडे आले. माणूस फार मोठ्या मनाचा असावा, किंवा फॉर्म कसा भरू नये हे त्यांना एकदा पक्कं करून घ्यायचं असावं.

ते गेले आणि कितीतरी वेळ मी समोरच्या कागदांना हात लावला नाही. मार्च संपत आला होता. भिवंडीजवळ आमच्या राहनाळच्या रस्त्यावर कंटेनरची रांग लागली होती. पत्र्याचं छप्पर अकरा वाजताच तडतडायला लागलं होतं, आणि फाटकापाशी ताडगोळेवालीनं टोपली मांडली होती. दोन वर्षांपूर्वी ह्याच उकाड्यात माझी बायको लॉच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीला लागली होती. तेव्हा घरात असं काही वारं शिरलं होतं, की नुसती आठवण आली तरी अजून पोटात गुदगुल्या होतात. लग्नाच्या वेळीही मी एवढा उतावीळ नव्हतो. हे सुनंदानं वाचलं तर तिलाही पटेल, कारण लग्नाच्या दिवशी मी मांडवात झोपलो होतो.

सुनंदा गेली वीस वर्षं कोर्टासमोरच्या टायपिस्टांच्या ओळीत बसते. वर निळी ताडपत्री, खाली लोखंडी टेबल. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, नाव बदलायचे अर्ज. आधी मशीन होतं, आता कॉम्प्युटर आणि प्रिंटर. तिचा वेग असा, की वकील श्वास घ्यायला थांबला की तिचं वाक्य पूर्ण झालेलं असतं. एक दिवस दिघाशी गावची एक म्हातारी तिच्यासमोर बसली होती. कागद तयार झाल्यावर म्हातारीनं विचारलं, "बाय, ह्याच्यात काय लिवलंय गं? माझं नाव हाय ना ह्यात? काढलं तं न्हाय?"

सुनंदा तिला समजावून सांगायला लागली. कागद करून घेणारा वकील तिथंच उभा होता, नुकती सनद मिळालेला, कोटाची घडीही न मोडलेला. तो म्हणाला, "ताई, तुम्ही फक्त टाइप करा. अर्थ मी सांगतो." मग त्यानं अर्थ सांगितला, आणि चुकीचा सांगितला.

संध्याकाळी मेथी निवडता निवडता सुनंदानं मला हे सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मी लॉ करणार."

अशा वेळी नवऱ्यानं काहीतरी जन्मभर लक्षात राहील असं बोलावं. मी म्हणालो, "म्हणजे आज मेथी होणार की नाही?"

तिच्या जन्मभर लक्षात राहिलंय.

आमची प्रज्ञा तेव्हा अकरावीत होती. तिनं पाच मिनिटांत मोबाइलवर सगळं शोधून काढलं. पदवी झालेल्यांना तीन वर्षांचा कोर्स असतो, वयाची अट नाही, मम्मीनं बाहेरून केलेलं बीए चालतं, फक्त सीईटी द्यावी लागते. सुनंदानं मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि स्वतःला अटी घालून घेतल्या. परीक्षा यंदा एकदाच. पुढच्या वर्षी प्रज्ञाची बारावी, तेव्हा घरात दुसरा अभ्यास नको. कॉलेज सकाळचं हवं आणि जवळचं हवं, म्हणजे अकराला टेबलावर हजर होता येईल. वीस वर्षं राखलेली जागा सोडायची नाही. "लांबचं लागलं तर जाणार नाही," ती म्हणाली, "आणि पुन्हा हे नावही काढणार नाही."

हे ती अगदी शांतपणे बोलली. सुनंदा चिडून बोलते ते दुपारपर्यंत टिकतं. शांतपणे बोलते ते कायमचं असतं. मी मेथीची भाजी काही न बोलता खाल्ली. मीठ नव्हतं, तेही सांगितलं नाही.

पुस्तकं आली. एकेक पुस्तक पाटाएवढं जाड. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी परीक्षक म्हणून स्वतःची नेमणूक करून टाकली. कामावरून आलो की पाय धुवायचे, चष्मा लावायचा आणि ओट्यापाशी स्टूल टाकून प्रश्न विचारायला बसायचं. त्या परीक्षेत एक प्रकार असतो. वर एक तत्त्व दिलेलं असतं, खाली एक प्रसंग. तत्त्व प्रसंगाला लावायचं आणि उत्तर द्यायचं.

मी वाचायचो, "तत्त्व : परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत शिरणं म्हणजे अतिक्रमण. प्रसंग : अ चा पतंग ब च्या गच्चीवर पडला. अ भिंत चढून गेला आणि पतंग घेऊन आला. अ नं अतिक्रमण केलं का?"

"केलं," पोळी लाटता लाटता सुनंदा.

"अगं, पण पतंग त्याचाच होता!"

"तत्त्वात पतंगाचं काही लिहिलंय?"

"नाही. पण दोन मिनिटांसाठी गेला बिचारा. आणि हा ब कसला माणूस आहे? एवढ्यावरून कोर्टात जातो?"

"ब कसा आहे ते कुठं लिहिलंय?"

"लिहायला कशाला हवं? दिसतोच आहे."

"पप्पा," आतून प्रज्ञा ओरडायची, "तुम्ही ब च्या घरी जाऊन त्याला समजवा. मम्मीला पुढचा प्रश्न द्या."

महिनाभर हेच चाललं. प्रत्येक प्रसंगात मला माणसं दिसायची. कुणाची म्हैस, कुणाची भिंत, कुणाचा सासरा. सुनंदाला वाक्य दिसायचं. समोर आहे तेवढंच वाचायचं आणि स्वतःच्या पदरचं त्यात काही घालायचं नाही. ही गोष्ट ऐकायला सोपी आहे. मला ती पन्नाशीला आलो तरी जमलेली नाही, आणि त्याची किंमत पुढं त्याच पावसाळ्यात जवळजवळ मोजावी लागली.

तर्काचे प्रश्न मात्र माझ्या हातचे होते. आठ माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत, मीनाच्या डावीकडं तिसरा राजू, राजूच्या समोर रेखा नाही, वगैरे. माझं आयुष्य खोकी लावण्यात गेलं, आठ माणसं काय लावायची! मी जमिनीवर परात ठेवून भोवती आठ वाट्या मांडायचो. आमटीची मीना, दह्याची रेखा, लोणच्याचा राजू. एकदा सगळं जुळत आलं होतं आणि राजू सापडेना. प्रज्ञानं तो दहीभाताबरोबर संपवला होता. सुनंदा हसून हसून ओट्याला टेकली आणि उत्तर तिनं मनातल्या मनातच काढलं. वाट्या मीच घासल्या.

इंग्रजीची तिला धास्ती होती. खरं म्हणजे वीस वर्षं तिनं इंग्रजी कागद टाइप केले होते. पण शब्द तिच्या तोंडात नव्हते, बोटांत होते. मी विचारायचो, अमुक शब्दाचं स्पेलिंग? ती पोळपाटावर दहा बोटं ठेवायची, पिठात टकटक करायची आणि सांगायची, बरोबर. अर्थही तसाच. शब्द कुठल्या ओळीत यायचा ते आधी आठवायचं, मग त्या ओळीखाली कुणाकुणाचं काय काय झालं ते आठवायचं, आणि त्यातून अर्थ निघायचा. शब्दकोशात शब्दापुढं दुसरा शब्द असतो. हिच्याकडं प्रत्येक शब्दापुढं एक माणूस होता. कुणाची जागा गेलेली, कुणाचं नाव चुकलेलं. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा प्रश्न विचारायचं सोडून मी नुसताच बसून राहिलो. ती म्हणाली, "झोप आली का?"

आमच्या गल्लीत खाली लूम आहेत, कापड विणायचे यंत्रमाग. दिवसभर खटक-खटक, खटक-खटक, भांड्यांच्या फळीलाही त्याचा ठेका पाठ आहे. नातेवाईक आले की कपाळाला हात लावतात. मी सुनंदाला म्हटलं, तुझ्या अभ्यासासाठी बहिणीकडं जाऊन राहा, तिकडं शांत आहे. ती म्हणाली, "शुक्रवारी बघा."

शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी ती पुस्तक घेऊन बसली, उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली, गॅलरीत गेली. शांततेत तिला एक ओळ पुढं सरकेना. शेवटी प्रज्ञानं शिलाई मशीन काढलं आणि विनाकारण जुन्या चादरीला टाके मारत बसली. मग कुठं बाईंचा अभ्यास झाला. त्या चादरीवर आजही आडव्या-उभ्या बत्तीस शिवणी आहेत. पाहुण्यांना आम्ही ती देत नाही.

आणि एप्रिलातली जयंती! सगळी वस्ती निळी, दारोदार झेंडे, कमानी. दरवर्षी सुनंदा सकाळपासून बायकांच्या घोळक्यात असते. त्या वर्षी तिनं पांढरी साडी नेसून खुर्ची खिडकीशी ओढली, समोर सराव परीक्षेचा पेपर ठेवला आणि मला घड्याळ लावायला सांगितलं. खाली ढोल, वरती ही. मैत्रिणी खालून हाका मारतायत, "सुनंदा, ये की गं! वकीलीण झाली काय आत्ताच?" पेपर संपला तशी चप्पल घालून धावत सुटली. मिरवणूक नाक्याच्या पुढं गेली होती. परत आली तेव्हा साडीला नीळ लागलेली, घसा बसलेला, आणि दारातूनच घोगऱ्या आवाजात विचारते, "अठ्ठेचाळिसावा बरोबर आला का?"

बरोबर आला होता. मी तो चूक दिला होता, तो भाग वेगळा.

परीक्षेचं केंद्र नवी मुंबईकडं आलं. शेजारची रिक्षा ठरवून आम्ही पहाटे निघालो. फाटकावरच्या रखवालदारानं हात आडवा केला. "पालक त्या बाजूला, सायकलच्या शेडमध्ये. आत फक्त विद्यार्थी." सुनंदानं हॉल तिकीट पुढं केलं. त्यानं फोटो बघितला, तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं असं बघितलं की तिला इथं आणण्यात माझा काही डाव असावा. "जा, जा मॅडम," तो म्हणाला, आणि मला हातानंच शेड दाखवली.

शेडमध्ये चाळीसएक पालक. पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, वर्तमानपत्रं. माझ्या शेजारी डोंबिवलीची एक बाई होती, मुलाला घेऊन आलेली. तिनं क्लासची चौकशी केली, अभ्यासाच्या तासांची केली आणि विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

"बायको."

तिला वाटलं बायको मुलाला सोडायला आत गेलीये. मी पुन्हा सांगितलं. शेडमधली चार-पाच वर्तमानपत्रं खाली आली. मग प्रश्नांची अशी सरबत्ती झाली, की आत सुनंदाला एवढे प्रश्न नसतील. वय किती? अभ्यास कधी करतात? स्वयंपाक कोण करतं? शेवटच्या प्रश्नाला मी जरा छाती काढून म्हणालो, "मी मदत करतो." वाट्यांचं काही सांगितलं नाही.

दोन तासांनी पोरांच्या लोंढ्यातून सुनंदा बाहेर आली. गाल लाल झालेले. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "एसी इतका शांत होता हो, मला काही सुचेना. मग टाचेनं लूमचा ठेका धरला. एक मॅडम येऊन म्हणाल्या, पाय हलवू नका. मग बोटानं धरला." आणि एकदम हसली. "सगळे सोडवले. एकही सोडला नाही."

डोंबिवलीच्या बाई तिच्याकडं टक लावून बघत होत्या. त्यांचा मुलगा हाक मारतोय, तिकडं लक्ष नाही. पुढं होऊन त्यांनी सुनंदाचा दंडच धरला. "ताई, माझं बीकॉम आहे. होतं का हो?" सुनंदानं पर्समधून पेन काढून त्यांच्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर आपला फोन नंबर लिहून दिला. त्या बाई पुढं खरंच बसल्या. हल्ली त्या दोघी फोनवर बोलतात तेव्हा आमटी उतू जाते.

निकाल बरा लागला. उड्या माराव्यात असा नाही, पण भिवंडीतल्या सकाळच्या कॉलेजच्या आसपास पोचणारा. आता राहिला पर्यायांचा फॉर्म. कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमानं भरायची आणि पक्कं करायचं. प्रज्ञानं मला नियम तीनदा समजावला. खालच्या नंबरचं कॉलेज लागलं तर ते हातात ठेवून पुढच्या फेरीत वरच्याची वाट बघता येते. पण पहिल्या नंबरचं लागलं तर तेच घ्यायचं, नाही तर बाहेर. म्हणून पहिलं नाव फार जपून.

सुनंदानं यादी करून दिली. एक, भिवंडीचं सकाळचं. दोन, कल्याणचं सकाळचं. तीन, ठाण्याचं. आणि अगदी तळाला, हाताशी काहीतरी असावं म्हणून, मुरबाडच्याही पुढचं एक, जिथं तिच्या मार्कांवर डोळे झाकून प्रवेश मिळाला असता.

दोन दिवस साइट चालेना. शेवटच्या दिवशी तिच्या टेबलापुढं रांग. मी म्हटलं, "माझ्या ऑफिसचं नेट पळतं. मी भरतो, तू निर्धास्त राहा."

"तुम्ही निर्धास्त राहा म्हणालात की मला धडकी भरते," ती म्हणाली, पण पासवर्ड दिला.

आता माझ्या कामाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. एका गाडीत चार-पाच दुकानांचा माल जातो. ज्या दुकानात शेवटी उतरायचं, त्याचा माल सगळ्यात आधी आत भरायचा, थेट केबिनच्या पाठीला. जिथं पहिल्यांदा उतरायचं, त्याचा माल शेवटी, दरवाज्याशी. म्हणून आमच्या भराईच्या कागदावर सगळ्यात लांबचं दुकान पहिल्या नंबरला असतं. बावीस वर्षं रोज मी असे कागद लिहितोय. त्या दुपारी पाऊस कोसळत होता, आवारात गुडघाभर चिखल, आणि मी तीन गाड्यांचे कागद लागोपाठ लिहून हातावेगळे केले होते. त्याच खुर्चीत बसून, त्याच कॉम्प्युटरवर, सुनंदाची यादी समोर ठेवून मी चौथाही भरला. शांतपणे, एकेक नाव तपासत. एक, मुरबाडच्या पुढचं. दोन, ठाणे. तीन, कल्याण. चार, भिवंडी. सुरेख दिसत होता. दरवाजा उघडला की पहिलं भिवंडीच.

'पक्कं करा' दाबलं. ओटीपी सुनंदाच्या फोनवर जाणार होता. साडेचार वाजले होते, पाचला साइट बंद. मी फोन लावला.

"आला का ओटीपी? सांग पटकन."

"आलाय. आधी वाचून दाखवा."

"अगं, भरलंय बरोबर."

"अहो, माझ्या टेबलावर कुणीही न ऐकता सही करत नाही. वाचा. वरून खाली."

मी आनंदानं वाचायला लागलो. "एक नंबर, मुरबाडच्या पुढचं..."

पलीकडून प्रिंटरचा आवाज तेवढा येत होता. मग ती म्हणाली, "अहो, गाडी भरताय का?"

मी स्क्रीनवरची यादी पुन्हा वरून खाली वाचली. ओटीपी तिनं सांगितला असता तर मुरबाडच्या पुढचं कॉलेज तिला हमखास लागलं असतं, ती गेली नसती, आणि हे नाव पुन्हा घरात निघालं नसतं. मी काहीतरी बोलायला लागलो. ती म्हणाली, "नंतर बोला. आधी खाली करा आणि नीट भरा. मी फोन ठेवत नाहीये."

मागून रईसभाईंनी सगळं बघितलं होतं. ते दारात जाऊन गरजले, "सब लोग मोबाइल का नेट बंद करो! भाभी का अ‍ॅडमिशन हो रहा है!" वीस हमाल खोकी खाली ठेवून उभे राहिले. एकानं विचारलं, "किसका?" दुसरा म्हणाला, "चूप, वकीलसाहिबा का." स्क्रीनवर ते गोल चक्र फिरतंय, फिरतंय. घाईघाईत मी भिवंडी वर न्यायला गेलो आणि ठाणे वर आलं. "विलासभाई, आराम से," रईसभाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पहले जो उतारना है, वो पहले लिखो. बस आज के दिन उलटा सोचो."

लिहिलं. पुन्हा मोठ्यानं वाचलं. एक, भिवंडी. पलीकडून तिच्या शेजारच्या टायपिस्टाचा आवाज आला, "आता बरोबर हाय!" म्हणजे फोन स्पीकरवर होता. सगळी ओळ, रांगेतले पक्षकार, झेरॉक्सवाला, सगळे ऐकत होते. माझी अब्रू कोर्टासमोर निघाली होती, आणि मला त्याचं काहीही वाटत नव्हतं. पाचला सात मिनिटं कमी असताना नवा ओटीपी आला. तिनं एकेक आकडा सावकाश सांगितला. मी दाबला. हिरवी खूण उमटली. इकडं हमालांनी गलका केला, फोनमधून तिकडचा ऐकू आला, आणि बाहेर उभ्या गाडीच्या ड्रायव्हरनं काय चाललंय हे न कळताच लांबलचक हॉर्न दिला.

घरी गेलो तेव्हा मी बोलणी खायच्या तयारीत होतो. सुनंदानं ताटात मेथीची भाजी वाढली. "खा," म्हणाली. "आज मीठ आहे." म्हणजे तेव्हाचं तिलाही ठाऊक होतं.

यादी लागली त्या दिवशी तिनं आधी समोरचं प्रतिज्ञापत्र पूर्ण केलं, मग मला फोन केला. "भिवंडी. सकाळचं," एवढंच बोलली आणि ठेवला. मी केबिनमधून बाहेर आलो आणि रईसभाईंना मिठी मारली. त्यांच्या अंगावरची खोक्यांची धूळ माझ्या शर्टावर आली. ती दिवसभर मी झटकली नाही.

हे सगळं आता दोन वर्षं मागं पडलंय. सुनंदा दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी साडेसहाला सॅक पाठीला लावून निघते, अकराला टेबलावर असते. प्रज्ञाची बारावी झाली, आता सुनंदाला तिच्या पुस्तकांतून प्रश्न तीच विचारते, आणि मी चहा करतो, कारण परीक्षकपदावरून मला कमी करण्यात आलं आहे. पण मार्चचं ऊन पत्र्यावर वाजायला लागलं की मला त्यातली शेवटची सकाळ दिसते, प्रवेश पक्का करायची.

कॉलेजच्या ऑफिसातली खिडकी. आत एक क्लार्कबाई, समोर पोरापोरींची रांग, मधे आम्ही. कागदपत्रं तपासून झाली. रॅगिंग करणार नाही असं एक हमीपत्र होतं, त्यावर पालकाची सही हवी. "रकाना रिकामा ठेवता येत नाही," क्लार्कबाई म्हणाल्या. मी म्हणालो, "मॅडम, हिच्या वतीनं अशी हमी मी कशी देऊ? घरी रोज..." सुनंदानं माझ्या पायावर पाय दिला. मी सही केली. 'विद्यार्थ्याशी नाते' इथं 'पती' लिहिलं. मागची पोरं फुसफुसून हसली.

मग प्रवेशाचा मुख्य अर्ज पुढं आला. सुनंदानं तो वरपासून खालपर्यंत वाचला, प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत. तळाशी पोचली. आणि वीस वर्षांच्या सवयीनं तिनं तो कागद झर्रकन फिरवला, खिडकीतून आत क्लार्कबाईंच्या पुढ्यात सरकवला, रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथं सही करा."

क्लार्कबाईंनी कागदाकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "सही तुमची आहे."

सुनंदानं कागद परत आपल्याकडं वळवला, पदराला तळहात पुसला आणि पेन घेतलं. पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, एकेक अक्षर सुटं. ते इतकं मोठं झालं की रकान्यात मावेना. शेवटची दोन अक्षरं चौकटीच्या बाहेर गेली.

"चालेल ना?" तिनं विचारलं.

"चालेल की," क्लार्कबाई म्हणाल्या आणि शिक्का उचलला.